अर्थिंग

खोकं आलं तेव्हा डुलुथमध्ये शून्याखाली बावीस होतं.
पोस्टमननं ते बर्फात उभं करून ठेवलं,
चुकीच्या दारी आलेल्या पाहुण्यासारखं.
आर्मासनं ते तळघरात नेलं, भट्टीजवळ टेकवलं,
आणि लाकडाची थंडी जाईस्तोवर दोन दिवस हात लावला नाही.
एवढी सवड त्यानं माणसांना कधी दिली नव्हती.

आत एक उघडं, फिकट धड,
एक मान, चार खुंट्या, पुडीत स्क्रू.
"गिटार?" मी विचारलं.
"बेस," तो म्हणाला. त्याला ऐकू आलं नव्हतं,
ओठ दिसले होते.

एकतीस वर्षं तो खनिजाच्या जहाजांवर, इंजिनखोलीत.
इंजिनानं त्याचे वरचे आवाज एकेक करून नेले:
आधी किटलीची शिटी, मग फोन, मग नातीचं हसू.
डॉक्टरांच्या कागदावर रेघ उजवीकडे
जिन्यासारखी उतरत जाते.
खालचं सगळं शाबूत आहे.
आणि मी चर्चच्या कॉयरमध्ये सोप्रानो.

जेवायला बोलवायचं तर मी जमिनीवर टाच आपटते.
दोनदा म्हणजे सूप.
तीनदा म्हणजे तुझ्या बहिणीचा फोन.

एकशेवीस, दोनशेवीस, चारशे:
सँडपेपरचे नंबर तो जेवताना सांगे,
लोक नातवंडांची वयं सांगतात तसे.
ओला हात फिरवला की दबलेले रेशे उठतात.
घासायचे. पुन्हा उठतात. पुन्हा घासायचे.
तेल चढवायला त्यानं माझा फ्लॅनेलचा गाऊन फाडला,
विचारून. म्हणजे, फाडल्यावर विचारून.
तेलकट चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात,
म्हणून मी त्या कुंपणावर वाळत घालायची.
मिसेस लिंडक्विस्टनं आमच्या धुण्याबद्दल
काळजीनं चौकशी केली.
सातव्या हातानंतर लाकूड राय ब्रेडच्या पाठीसारखं झालं.
मला वास घ्यावासा वाटला. घेतला.

वायरिंग माझ्याकडे आलं.
त्याचे हात थरथरतात, माझे नाही;
बेकरीत मी आयुष्यभर केकवर लोकांची नावं लिहिली.
पांढरी वायर व्हॉल्यूमला, काळी त्याच्या पाठीवर,
मध्ये संत्र्याच्या गोळीएवढा कपॅसिटर.
"जोड चकाकला पाहिजे," तो धुरातून म्हणाला.
"राखाडी दिसला तर तो थंड जोड.
धरल्यासारखं दाखवतो, धरत नाही."
असे जोड मला ठाऊक होते.
मी बत्ती वितळवत राहिले.

ॲम्प लावला आणि तळघर घोंघावलं.
खालचा आवाज, त्यालाही ऐकू येणारा.
तारांना हात लावला तरी थांबेना.
आम्ही दोन तास सगळे जोड पाहिले, सगळे चकचकीत.
शेवटी त्यानं ब्रिज उचलला. खालचं भोक रिकामं.
एक वायर पुडीतच राहिली होती,
अर्थिंगची.
तिच्यातून सूर जात नाही.
ती नुसती तारांना जमिनीशी बांधते.
इतका वेळ सगळं जोडलेलं होतं,
अर्थ तेवढा लागला नव्हता.

टोक सोललं, ब्रिजखाली दाबलं, स्विच.
घोंघाट होताच.
मग आर्मासनं पंजा तारांवर ठेवला, आणि तो गेला.
उचलला, आला.
ठेवला, गेला.
"बघ," तो म्हणाला, "माणूस लागतो."

मी वर येऊन बटाटे सोलायला घेतले.
आधी कपाटातल्या बशा बोलल्या,
मग माझ्या तळपायांना कळलं:
सगळ्यात जाड तार, मोकळी.
एकदा.
मग, जरा थांबून, आणखी एकदा.

दोनदा म्हणजे सूप.
सूप अजून कच्चं होतं.
मी सुरी खाली ठेवली, टाच आपटली,
एकदाच.
एकदा म्हणजे काय, ते आमचं अजून ठरलेलं नाही.